फक्त पावणेपाच किलोमीटर!

ट्रेकिंगच्या डिक्शनरीतला सगळ्यात डेंजर शब्द कुठला? कडा? नाही. घसारा? तोही नाही. माझं मत विचाराल तर, ‘छोटासा’! ‘अरे, छोटासा ट्रेक आहे, चल ना!’ या एका वाक्यावर भरवसा ठेवून ज्यांचे गुडघे कामाला गेले अशा दोस्तांची यादी करायला बसलो, तर एक्सेलशीट कमी पडेल. ऑफिसमधल्या ‘छोटासा चेंज आहे, लगेच होईल’ याचाच हा सख्खा भाऊ. दोघांचंही एस्टिमेट कधीच जुळत नाही.

तर या आठवड्यात अशाच एका ‘छोट्याशा’ ट्रेकविषयी. अमेरिकेतल्या युटा राज्यात, मोआब नावाच्या टुमदार गावापासून आठेक किलोमीटरवर ‘आर्चेस नॅशनल पार्क’ आहे. लालभडक वाळवंट आणि त्यात दगडाच्या दोन हजारांहून जास्त नैसर्गिक कमानी. त्यातली सुपरस्टार म्हणजे ‘डेलिकेट आर्च’. युटातल्या गाड्यांच्या नंबरप्लेटवर तिचं चित्र असतं. २००२ च्या सॉल्ट लेक सिटीच्या हिवाळी ऑलिम्पिकची ज्योतही या कमानीपाशी नेली होती. म्हणजे आपल्याकडे गेटवे ऑफ इंडियाला जो मान, तो तिकडे हिला.

तिथे जायचं कसं? चालत. जाऊन-येऊन साधारण पावणेपाच किलोमीटर. चढ दीडशे मीटरच्या थोडा वर. रविवारी सकाळी सिंहगड चढून, वर पिठलं-भाकरी हाणून खाली येणारी मंडळी हे आकडे ऐकून हसतीलच. सिंहगडाचा चढ याच्या तिपटीच्या आसपास जातो. मग यात लिहिण्यासारखं आहे काय? सांगतो.

मराठी ट्रेकरला दगडातली आरपार खिडकी नवीन नाही. आपण तिला ‘नेढं’ म्हणतो, सुईला असतं तसं. राजगडाच्या सुवेळा माचीवर नेढं आहे, रतनगडाच्या माथ्यावर आहे, इर्शाळगडावर आहे. त्यात बसून भन्नाट वारा खाल्ला नाही, तर तो गड केला असं धरतच नाहीत. पण आपली नेढी काळ्या बेसॉल्टमधली, लाव्हारसातून झालेल्या डोंगराच्या अंगात पडलेली. डेलिकेट आर्चचं प्रकरण उलटं आहे. इथे नेढं उरलंय आणि भोवतालचा डोंगरच गायब झालाय!

डोंगर गेला कुठे? ही स्टोरी सॉलिड आहे. सुमारे तीस कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. तो पुन:पुन्हा आटत गेला आणि मागे मिठाचा जाडजूड थर ठेवून गेला. त्यावर कोट्यवधी वर्षं गाळ आणि वाळू साचत राहिली. आता, मीठ दाबाखाली आलं की टूथपेस्टसारखं सरकतं. ते सरकलं, कुठे फुगलं, कुठे खचलं, आणि वरच्या वालुकाश्माला समांतर भेगा पडल्या. भेगांत पाणी शिरलं. वाळूचे कण धरून ठेवणारं नैसर्गिक ‘सिमेंट’ त्याने विरघळवलं. हिवाळ्यात तेच पाणी गोठून फुगलं आणि भेगा रुंदावल्या. शेवटी उरल्या दगडाच्या पातळ भिंती. भिंतींना भोकं पडली, भोकांच्या कमानी झाल्या. गंमत म्हणजे इथे वर्षभराचा पाऊस जेमतेम २०० ते २५० मिलिमीटर. लोणावळ्यात जुलैतल्या एखाद्या जोरदार दिवशी तेवढा पडून जातो!

डेलिकेट आर्चची खिडकी १४ मीटर उंच आणि जवळपास १० मीटर रुंद आहे. नाव नाजूक असलं तरी जुन्या काउबॉय लोकांनी तिला भलतीच टोपणनावं दिली होती. कुणी म्हणायचं ‘चॅप्स’, म्हणजे घोडेस्वार पॅण्टवर चढवतात ती चामड्याची लेगिंग्ज. कुणी म्हणायचं ‘शाळेतल्या बाईंचा लेंगा’. एकदा हे ऐकलं की कमानीकडे गंभीर चेहऱ्याने बघणं अवघड जातं.

आता मुद्द्यावर येतो. गेल्या मे महिन्यात आई-बाबा पुण्याहून आमच्याकडे डेन्व्हरला आले होते. बाबा सहासष्ट वर्षांचे, बँकेतून रिटायर्ड. कॉलेजात असताना आणि नंतर नोकरीच्या पहिल्या काही वर्षांत सह्याद्री पालथा घातलेला माणूस. रतनगडाच्या नेढ्यात बसलेला त्यांचा ब्लॅक अँड व्हाइट फोटो आमच्या हॉलमध्ये अजून आहे. तेव्हा लाँग वीकेण्डला त्यांना कुठे न्यायचं यावर चर्चाच झाली नाही. डेन्व्हर ते मोआब साधारण ५७० किलोमीटर, सहा तासांचा ड्राइव्ह. मागच्या सीटवर चिवडा, दशम्या आणि आईचं ‘अहो, ती टोपी घ्या’ हे अखंड चालू होतं.

निघताना बाबांचं आणि माझं एकाच गोष्टीवरून वाजलं. पाणी. मी प्रत्येकी दोन लिटर भरलं होतं. बाबा म्हणाले, ‘अरे, दीड तास चालायला एवढं ओझं? रतनगडला आम्ही एका वॉटरबॅगवर जायचो.’

‘बाबा, रतनगडावर टाकी आहेत.’

यावर ते काही बोलले नाहीत, पण बाटल्या सॅकमध्ये गेल्या.

खरं सांगायचं तर सह्याद्रीतल्या आणि वाळवंटातल्या ट्रेकमधला सगळा फरक या एका वाक्यात आहे. आपले गड माणसांनी राहण्यासाठी बांधले. गड बांधायचा म्हणजे आधी वर पाणी आहे का ते बघायचं. त्यामुळे आपल्या प्रत्येक ट्रेकरच्या डोक्यात कुठेतरी हा भरवसा असतो की वर पोचलो की टाकं आहे, खाली गाव आहे, मधे लिंबू सरबतवाल्या मावशी आहेत. इथला कातळ कुणासाठी बनलेला नाही. वर टाकं नाही, मावशी नाहीत, झाडाची सावलीसुद्धा नाही. पार्कवाले स्वच्छ सांगतात, माणशी निदान दोन लिटर.

वाट जिथे सुरू होते तिथे एक मोडकळीला आलेलं लाकडी केबिन आहे. जॉन वेस्ली वुल्फ नावाच्या माणसाचं हे बिऱ्हाड. अमेरिकन यादवी युद्धात त्याच्या पायाला दुखापत झालेली. कोरड्या हवेत बरं वाटेल म्हणून १८९८ च्या सुमारास तो ओहायो सोडून मुलाबरोबर इथे आला आणि गुरं पाळू लागला. १९०६ मध्ये त्याची मुलगी फ्लोरा कुटुंबासकट राहायला आली. वडील कसल्या खोपटात राहतात ते बघून ती हबकलीच. मग तिच्यासाठी लाकडी जमीन असलेलं नवं केबिन बांधलं, तेच आज दिसतं. १९१० मध्ये सगळे परत ओहायोला गेले. दुखऱ्या पायाचा म्हातारा आणि त्याची काळजी करणारी पोरगी. बाबांनी ती पाटी अख्खी वाचली आणि माझ्याकडे बघून नुसते हसले.

संध्याकाळचे साडेचार वाजले होते. माझी बायको कॉलेजच्या मैत्रिणींबरोबर हा ट्रेक आधीच करून आली होती. ती आईला घेऊन गाडीने खालच्या व्ह्यूपॉइंटकडे गेली. वर मी आणि बाबा.

सुरुवात अगदी बागेतल्या फिरण्यासारखी. रुंद, सपाट वाट. एक पूल ओलांडला की थोड्या अंतरावर दगडावर कोरलेली चित्रं दिसतात. घोडेस्वार, मोठ्या शिंगांच्या मेंढ्या. यूट लोकांनी १६५० ते १८५० या काळात कधीतरी कोरलेली. बाबा तिथे दहा मिनिटं रमले. वाटेच्या कडेला काळपट, खडबडीत मातीचे फुगवटे दिसत होते. ती माती चक्क जिवंत आहे! सूक्ष्म जीवांनी विणलेलं कवच आहे ते. वारा माती उडवून नेऊ नये म्हणून हेच तिला धरून ठेवतं. त्यावर एक पाऊल पडलं की ते भरून यायला कित्येक वर्षं जातात. म्हणून वाट सोडायची नाही. शॉर्टकटची आपली राष्ट्रीय सवय इथे खिशात ठेवायची.

आणि मग समोर आला तो कातळ. पायऱ्या नाहीत, वळणं नाहीत, रेलिंग नाही. एखाद्या अजस्र व्हेल माशाची पाठ तिरकी ठेवावी तसा उघडा, गुळगुळीत वाटणारा चढ. वाट म्हणून फक्त अधूनमधून एकावर एक रचलेले दगड. याला इथे ‘स्लिकरॉक’ म्हणतात. नालवाल्या घोड्यांचे पाय त्यावरून घसरायचे म्हणून हे नाव. बुटांना मात्र कोरड्यात ग्रिप झकास मिळते. ओल्यात किंवा बर्फात हाच कातळ वैरी होतो. नोव्हेंबर २०१९ मध्ये कमानीजवळ निसरड्या कातळावरून पडून दोन पर्यटकांचा जीव गेला होता.

आम्ही चढू लागलो. पारा तिशीच्या पुढे. सूर्य पाठीशी, आणि पायाखालचा दगड दिवसभर तापून आता ती सगळी उष्णता परत करत होता. बाबांची चाल जुन्या ट्रेकरची, हळू पण न थांबणारी. मधेच म्हणाले, ‘बघ, घामसुद्धा नाही आला.’ मी त्यांना टोपी काढून दाखवली. कडेवर पांढरी मिठाची रेघ उमटली होती. कोकणात किंवा सह्याद्रीत घामाने शर्ट पिळून निघतो, त्यामुळे अंगातून किती पाणी गेलं ते कळतं. इथल्या कोरड्या हवेत घाम येतो आणि येताक्षणी उडून जातो. शरीराचा अकाउंट रिकामा होत असतो आणि एसेमेस येत नाही!

कातळाच्या माथ्यावर पोचलो तेव्हा बाबा खाली बसले. बाटली काढली, उन्हात धरून बघितली आणि बाजूला ठेवली. दोन लिटरमधलं एक संपलं होतं.

‘मी इथून फिरतो,’ ते म्हणाले.

तेवढ्यात वरून एक ग्रुप उतरत आला. त्यातला एक दणकट काका थांबला, अंगठा वर करून म्हणाला, ‘ऑलमोस्ट देअर! टेन मिनिट्स!’ अमेरिकन ट्रेलवर हे वाक्य हमखास ऐकू येतं, आणि मनापासून म्हटलेलं असतं. बाबांनी हसून थँक्यू म्हटलं. तो गेल्यावर मला म्हणाले, ‘जायला दहा मिनिटं रे. पण मग तिथून परत इथपर्यंत यायला दहा, आणि मग हा सगळा कातळ उतरायचा. चढताना गुडघा बोलतो, उतरताना ओरडतो. त्यात माझी बीपीची गोळी पाणी काढणारी. अर्धं पाणी संपलं की फिरायचं, हा आमचा उन्हाळ्यातला नियम होता. टाकं नसलेल्या डोंगरावर तर हवाच.’

माझ्या पोटात कालवलं. तेराएक हजार किलोमीटर विमानाने, वर सहा तास गाडीने येऊन हा माणूस शेवटच्या वळणाआधी फिरणार? परत कधी येणार इथे? आणि त्यांना काहीही झालेलं नव्हतं. चक्कर नाही, धाप नाही. अगदी ठणठणीत दिसत होते. पण तोच तर मुद्दा होता. काहीतरी झाल्यावर फिरतो त्याला परत फिरणं म्हणत नाहीत, त्याला सुटका म्हणतात. परत फिरायचं ते सगळं ठीक असताना.

मीही त्यांच्याबरोबर उतरलो. उतारावर सहासष्ट वर्षांच्या गुडघ्याला एकटं सोडायचा प्रश्नच नव्हता. खाली येईपर्यंत उरलेल्या एक लिटरमधलं पाऊण लिटर संपलं. हिशेब आपोआप चुकता झाला.

आमच्या पिढीला हे फार अवघड जातं, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. आपल्याला लहानपणापासून शिकवलंय ते शेवटपर्यंत जायला. डेडलाइन, टार्गेट, फिनिशर टी-शर्ट. ‘आता इतकं आलोय तर’ हे वाक्य आपण रात्री अकराला ऑफिसमध्ये म्हणतो, नको असलेल्या कोर्सच्या तिसऱ्या सेमिस्टरला म्हणतो, आणि डोंगरावरही म्हणतो. ऑफिसमध्ये त्याची किंमत एक वीकेण्ड. वाळवंटात ती कुणीतरी दुसऱ्याने स्ट्रेचर वाहून चुकवायची असते.

दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला बायकोने मला वाटेच्या तोंडाशी सोडलं आणि ती आई-बाबांना घेऊन व्ह्यूपॉइंटला गेली. डेलिकेट आर्च बघायचे असे तीन मार्ग आहेत, हे फार लोकांना माहीत नसतं. एक, ही कातळाची वाट. दोन, वरचा व्ह्यूपॉइंट, अर्ध्याएक मैलाची चढाची वाट. आणि तीन, खालचा व्ह्यूपॉइंट. गाडीतून उतरून शंभरएक पावलं सपाट चालायचं. तिथून कमान दीडएक किलोमीटरवर, दरीपलीकडे दिसते.

पहाटेच्या गारव्यात तोच कातळ निम्म्या दमात संपला. मग शेवटचा टप्पा, कड्याच्या पोटातून कोरलेली दीड-दोनशे मीटरची आडवी वाट. एका बाजूला भिंत, दुसरीकडे उतार. दोन माणसं जातील एवढी रुंद, पण मस्ती करण्याजोगी नाही. आणि भिंत संपते तिथे अचानक, काही कल्पना नसताना, समोर ती! खोलगट कातळाच्या वाडग्याच्या काठावर एकटी उभी. मागे ला साल पर्वतावरचं उरलंसुरलं बर्फ. एका खांबाची कंबर इतकी बारीक की अजून उभी कशी असा प्रश्न पडावा.

हा प्रश्न पार्कवाल्यांनाही पडला होता. १९५० च्या दशकात, कमान झिजू नये म्हणून तिला पारदर्शक प्लॅस्टिकचा थर द्यावा का, याचा विचार झाला होता! सुदैवाने ते बारगळलं. कारण झिजणं हीच तर तिची जन्मकथा. २००८ च्या ऑगस्टमध्ये याच पार्कातली ‘वॉल आर्च’ एका रात्रीत कोसळली. पडताना कुणी पाहिली नाही. १९९१ मध्ये ‘लँडस्केप आर्च’च्या पोटातून अठराएक मीटर लांबीची शिळा सुटली, तेव्हापासून तिच्या खालची वाट बंद आहे. डेलिकेट आर्चही कधीतरी जाणार. तोपर्यंत उभी आहे, एवढंच.

सात वाजता खाली आलो. बाबा दुर्बीण गळ्यात अडकवून खुशीत होते. ‘तू दिसलास मला. निळा शर्ट. आणि कमानीखाली फोटोसाठी लाइन लावली होती लोकांनी, बारा माणसं मोजली. तू लाइनमध्ये उभा नाही राहिलास.’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘आपल्या नेढ्यात बसता येतं, हिच्यात नुसतं उभं राहता येतं. पण आहे मात्र देखणी.’ आईने तोवर दशम्या काढल्या होत्या.

तुम्ही ऑनसाइट असाल किंवा फिरायला जाणार असाल, तर जरूर जा. वसंत आणि शरद ऋतू बेस्ट. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा पहाटेच निघा. गर्दीची तयारी ठेवा; २०२१ मध्ये इथे अठरा लाखांवर लोक आले होते, आणि २०२२ पासून काही हंगामांत आत शिरायला आधी वेळेचं तिकीट काढावं लागत होतं. हे नियम बदलत असतात, तेव्हा निघण्याआधी पार्कची साइट बघून घ्या. सूर्यास्ताला थांबणार असाल तर प्रत्येकाकडे बॅटरी हवी, अंधारात रचलेले दगड दिसत नाहीत. कातळावर नावं कोरू नका. बरोबर आई-बाबा असतील तर खालचा व्ह्यूपॉइंट आधीच प्लॅनमध्ये ठेवा, दुय्यम म्हणून नव्हे तर पर्याय म्हणून.

आणि वाटेत कुणी अंगठा वर करून ‘ऑलमोस्ट देअर’ म्हणालं, तर छान हसा, थँक्यू म्हणा आणि आधी बाटली उन्हात धरून बघा.